उचल आणि ठेव

भूम, वाशी, कळंब या बालाघाटाच्या माथ्यावरच्या तालुक्यांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. निघण्याआधी मुकादमाने जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, उचल दिलेली असते. ती बहुधा पावसाळ्यातच हाती येते आणि लग्नात, दवाखान्यात, घरावरच्या पत्र्यांत संपूनही जाते. पुढे हंगाम लवकर आटोपला, पावसाअभावी ऊसच कमी निघाला, बाई आजारी पडली, काहीही झाले तरी उचल फिटल्याखेरीज हिशेब मिटत नाही. फिटली नाही तर बाकी अंगावर राहते आणि पुढच्या हंगामात कापली जाते. या व्यवहारात जुलूम किती आहे हे या भागात कुणाला सांगावे लागत नाही. तरी त्याच्या मुळाशी एक समजूत आहे आणि ती उचल देणाऱ्याला, घेणाऱ्याला आणि तंटा झाला तर मध्ये पडणाऱ्या चार माणसांना सारखीच मान्य असते. कामाआधी घेतलेला पैसा काम होईपर्यंत घेणाऱ्याचा नसतो. 'उचल एकदा दिली की परत मागता येणार नाही, तशी अट होती,' असे कोणताही मजूर मुकादमाला म्हणत नाही. म्हणाला तर ऐकणाऱ्याला ते खरेही वाटणार नाही.

हीच समजूत हातात धरून दुसऱ्या एका व्यवहाराकडे पाहू. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घेतलेला, वैद्यकीय तपासणीत पात्र ठरलेला मुलगा किंवा मुलगी वैमानिक व्हायचे ठरवते. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते आणि त्याचा खर्च आज तीस-चाळीस लाखांच्या घरात किंवा त्याच्याही वर जातो. बारामती, गोंदिया, शिरपूर, धुळे अशा ठिकाणी महाराष्ट्रात हे शिक्षण मिळते. पैसे मात्र बरेचसे आधी भरायचे असतात, कधी एकरकमी, कधी मोठ्या हप्त्यांत, आणि प्रत्येक हप्ता पुढच्या शिकवणीचा असतो. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात. राहते घर जाते, प्लॉट जातो, बँक तयार असेल तर जमीन जाते. सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' म्हणून एक रकाना असतो. एरवी त्यात विहिरीचा किंवा वाटेचा हक्क लिहिलेला असतो. फेरफार मंजूर झाला की त्याच रकान्यात बँकेचे नाव आणि रक्कम चढते, आणि पुढे भावाभावांच्या वाटणीपासून मुलीच्या लग्नापर्यंत प्रत्येक वेळी तो उतारा काढला की ती ओळ समोर येते. असे सगळे करून पैसे भरले आणि ऐंशी-नव्वद तास उडून झाल्यावर संस्थेने प्रशिक्षण थांबवले. विमाने जागेवर उभी राहिली, शिक्षक सोडून गेले, फोन उचलेनासे झाले. शुल्क परत मागितले तर नियमावलीतली ओळ पुढे केली जाते: एकदा भरलेले शुल्क परत मिळणार नाही. मजुराला जे वाक्य सुचतही नाही, ते संस्था छापून ठेवते.

प्रश्न कायद्याचा आहेच, पण त्याआधी तो धर्माचा आहे. धर्म म्हणजे इथे पूजाअर्चा नव्हे. एकाने दुसऱ्यावर टाकलेल्या विश्वासाचे देणे कसे ओळखायचे आणि कसे फेडायचे, याचा विचार आपल्याकडे धर्म याच नावाने झाला. तो विचार जिथून सुरू होतो तिथेच या प्रश्नाची किल्ली आहे. आधी भरलेले आणि अजून न शिकवलेले शुल्क कुणाच्या मालकीचे? माझे म्हणणे असे की ते विद्यार्थ्याचे आहे, संस्थेकडे ते केवळ ठेवलेले आहे. म्हणून संस्था बंद पडली त्या दिवशी अधर्म घडला, हे अर्धेच खरे. तो त्याच्या कितीतरी आधी घडला, ज्या दिवशी न शिकवलेल्या तासांचे पैसे आपले समजून खर्चले गेले त्या दिवशी.

हे परदेशांतही घडले आहे आणि तिथली उदाहरणे डोळे उघडणारी आहेत. लास वेगासच्या सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स या संस्थेने ३ फेब्रुवारी २००८ रोजी एकाएकी काम बंद केले आणि दिवाळखोरी जाहीर केली. एकेका विद्यार्थ्याचे शुल्क सुमारे ७० हजार डॉलर होते, बहुतेकांनी ते कर्ज काढून भरलेले होते आणि कर्जाची रक्कम संस्थेच्या हाती आगाऊ पडलेली होती. शाळा संपली आणि कर्ज उरले. स्कॉटलंडमधल्या डंडी इथली टेसाइड एव्हिएशन ही जुनी नावाजलेली संस्था एप्रिल २०२३ मध्ये अशीच बंद झाली. दोन्हीकडे विद्यार्थ्यांना कळले तेव्हा पैसा संपलेला होता. आगाऊ पैसा जर ठेव म्हणून बाजूला राहिला असता, तर संस्था बुडाली तरी तो बुडण्याचे कारण नव्हते. बुडाला याचाच अर्थ तो आधी वापरला गेला होता.

आपल्या जुन्या व्यवहारशास्त्रात तंट्यांचे अठरा विषय मोजलेले आहेत. ऋण, निक्षेप म्हणजे ठेव, वेतन, क्रयविक्रय, दिलेले दान परत घेणे, असे ते विषय. आगाऊ शुल्काचा तंटा यांतल्या कोणत्या खणात घालावा हे ठरवायला बसले की एक लक्षणीय गोष्ट दिसते. याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात वेतनाचा नियम असा आहे की जो आधी वेतन घेऊन काम टाकून देतो त्याने दुप्पट परत करावे. शुल्काला मालाची किंमत मानले, तर नियम असा की किंमत घेऊन जो माल देत नाही त्याने आपले देणे वाढीसह चुकते करावे. ऋण मानले तर फेडावे लागते हे सांगायलाच नको. आणि ठेव मानली तर नियम सर्वांत नेमका आहे. ठेवलेली वस्तू राजाने नेली, दैवाने नष्ट झाली किंवा चोरांनी पळवली, तर ठेवून घेणाऱ्याकडून ती भरून घेऊ नये. पण मालकाने मागितल्यावर दिली नाही आणि मग ती नष्ट झाली, तर भरून घ्यावी आणि तेवढाच दंडही करावा. शिवाय जो ठेवीवर आपल्या मर्जीने उपजीविका करतो तो दंडाला पात्र आहे आणि त्याने ती वृद्धीसह परत करायची आहे. या स्मृतीवरची मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वराने चालुक्य विक्रमादित्य सहावा याच्या काळात कल्याणी इथे लिहिली. ते कल्याणी म्हणजे आपल्या उमरग्याच्या पलीकडचे, बिदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण. नऊशे वर्षांपूर्वी या टापूतल्या पंडिताने ज्या नियमांचा कीस काढला, ते असे आहेत. खण कोणताही निवडा, पैसा परतच जातो. फरक पडतो तो बरोबर व्याज किती आणि दंड किती एवढाच.

एकच खण उरतो जिथे दिलेले परत येत नाही. तो दानाचा. 'परतावा नाही' म्हणणारी संस्था कळत-नकळत असे सांगत असते की तुम्ही आम्हाला दान दिलेत. पण दानाच्या खणातही तिला आसरा मिळत नाही. हा माणूस माझे काम करील या समजुतीने दिलेले आणि मोबदल्याच्या आशेने दिलेले धन हे दिलेच नाही असे समजावे, असे नारद स्मृती सांगते. मनुस्मृती तर धर्मकार्यासाठी मागून घेतलेल्या धनाबद्दलही म्हणते की पुढे ते कार्य तसे झाले नाही, तर ते धन देय राहत नाही. यज्ञासाठी घेतलेले धन यज्ञ न करणाऱ्याला पचत नसेल, तर २०० तासांसाठी घेतलेले धन नव्वद तासांवर थांबणाऱ्याला कसे पचावे? आणि कुणी गुरुदक्षिणेचा दाखला देईल, तर परंपरेत दक्षिणा विद्या पुरी झाल्यावर, गुरूची आज्ञा घेऊन द्यायची असते. त्याआधी काही देऊ नये असाच मनुस्मृतीचा दंडक आहे. आगाऊ घेतलेल्या पैशाला दक्षिणेचे पावित्र्य चढवता येत नाही.

या ग्रंथांची साक्ष काढताना एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. स्मृतींनी माणसामाणसांत जन्माने भेद केला, व्याजाचे दरही वर्ण पाहून ठरवले. त्या अन्यायाचा निषेध म्हणून २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महाड इथे मनुस्मृतीचे दहन झाले आणि ते योग्यच झाले. तेव्हा या ग्रंथांना मी कायदा मानून पुढे करत नाही. साक्षीदार म्हणून उभे करतो, आणि साक्षीदार बलवानांच्या बाजूचा असला की त्याने दुर्बळाच्या बाजूने दिलेल्या साक्षीला अधिकच वजन येते. वेतन घेऊन काम टाकणाऱ्याने दुप्पट द्यावे, हा नियम मुळात राबणाऱ्या माणसाला बांधण्यासाठी होता. त्याचेच जिवंत रूप आजची उचल. हजार वर्षे आपण हा नियम कोयता धरणाऱ्या हातावर चालवला. तोच नियम शिक्का मारणाऱ्या हातावर चालवायची वेळ आली की मात्र आपल्याला व्यवहारातल्या अडचणी आठवतात. समतेचा आग्रह धरणाऱ्याने या नियमाची व्याप्ती वाढवावी असे मला वाटते. ज्याच्याकडे देण्याची ताकद जास्त आहे, त्याच्यावर तो आधी लागू व्हायला हवा.

भूम तालुक्यातच या प्रश्नाला आणखी खोल नेणारी एक जागा आहे. कुंथलगिरी हे दिगंबर जैनांचे सिद्धक्षेत्र, कुलभूषण आणि देशभूषण या मुनींच्या मोक्षाचे ठिकाण. आचार्य शांतिसागर यांनी १९५५ मध्ये इथेच सल्लेखना म्हणजे उपवासाने देह ठेवण्याचे व्रत घेतले. पेढ्यासाठी आणि खव्यासाठी हे नाव घरोघरी पोचले आहे, पण इथला विचार पेढ्याहून जुना आहे. जैन परंपरेचा पायाभूत ग्रंथ तत्त्वार्थसूत्र. त्याच्या सातव्या अध्यायात गृहस्थाच्या प्रत्येक व्रताला कोणत्या दोषांनी बाध येतो ते मोजले आहे. त्यांत 'न्यासापहार' म्हणजे ठेव गिळणे हा दोष आहे. आता हा दोष कोणत्या व्रताखाली असावा? कुणीही म्हणेल, अचौर्याच्या, चोरी न करण्याच्या. पण तो तिथे नाही. अचौर्याखाली चोरीचा माल घेणे, खोटी मापे वापरणे, भेसळ असे दोष आहेत. ठेव गिळणे हा दोष सत्यव्रताखाली घातला आहे. पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धी या तत्त्वार्थसूत्रावरच्या टीकेत त्याचा खुलासा केला आहे तो असा: ठेव ठेवणारा आपण किती ठेवले हे विसरला आणि कमी मागू लागला, तर ठेवून घेणारा म्हणतो, हो, एवढेच होते. त्याने हात कुठे घातला नाही, कुलूप फोडले नाही. समोरच्याच्या चुकीला त्याने फक्त होकार दिला, आणि तेवढ्याने सत्य मोडले.

ही वर्गवारी मला फार महत्त्वाची वाटते, कारण बंद पडलेल्या संस्थेचे चालक नेमके हेच म्हणतात की आम्ही चोरी केली नाही. बहुतेक वेळा ते खरेही असते. पैसा कुणी घरी नेलेला नसतो. इंजिनाच्या दुरुस्तीत, इंधनात, पगारात, धावपट्टीच्या भाड्यात तो गेलेला असतो. चोरीच्या तराजूत तोलले तर ते सुटतात. सत्याच्या तराजूत तोलले तर सुटत नाहीत. गेल्या वर्षीच्या मुलांचे तास नव्या मुलांच्या प्रवेशशुल्कातून उडवायचे, आणि या नव्या मुलांचे तास पुढच्या वर्षीच्या प्रवेशांतून निघतील अशी आशा धरायची, हे जेव्हा सुरू होते तेव्हा प्रवेशाच्या टेबलावर दिलेली प्रत्येक पावती खोटी असते. पावती म्हणते, इतक्या तासांच्या प्रशिक्षणापोटी इतके मिळाले. खरे तर ते दुसऱ्याच कुणाच्या प्रशिक्षणापोटी घेतलेले असते. मुलाला वाटते आपले पैसे आपल्या तासांसाठी ठेवले आहेत, आणि संस्था त्या समजुतीला होकार देत राहते. पूज्यपादांनी सांगितलेला दोष तो हाच.

यावर पहिला आक्षेप येतो सहीचा. विद्यार्थ्याने नियम वाचून सही केली, आता तक्रार कसली? पण सहीचा अर्थ ज्या प्रसंगासाठी सही घेतली त्या प्रसंगापुरता असतो. परतावा नाही ही अट विद्यार्थी मध्येच सोडून गेला तर काय, यासाठी लिहिली जाते, आणि त्या बाबतीत तिच्यात थोडे तथ्यही आहे. संस्थाच सोडून गेली तर तिचे काय, हे तीत कुठे लिहिलेले नसते आणि ते तीत वाचता येणार नाही. शिवाय एका बाजूने लिहिलेल्या आणि दुसऱ्या बाजूने फक्त खाली सही करायच्या करारांबद्दल आपला कायदा आता गप्प नाही. पायोनियर अर्बन लँड विरुद्ध गोविंदन राघवन या २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सही करण्यावाचून पर्याय नव्हता असे दिसले, तर एकतर्फी अटी ग्राहकाला बांधत नाहीत. त्याच वर्षीच्या ग्राहक संरक्षण कायद्याने अन्यायकारक करार हा स्वतंत्र दोष मानला. पायोनियरचा खटला घराचा होता. पण घर न बांधता पैसे धरून ठेवणे आणि न शिकवता पैसे धरून ठेवणे यांत विश्वासाच्या दृष्टीने मला काही अंतर दिसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो प्रामाणिक चालकाचा आहे. प्रशिक्षण आम्ही थांबवले नाही, थांबवायला लावले गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ चार दिवसांत एकाच अकादमीची दोन प्रशिक्षण विमाने कोसळली. सहा महिन्यांत पाच अपघात झाल्याचे सांगत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या अकादमीची सगळ्या तळांवरची उड्डाणे थांबवली, आणि तपासणीनंतर पुढे ती पुन्हा सुरू होऊ दिली. ही घटना शुल्क बुडवण्याची नव्हे, पण एका आदेशाने प्रशिक्षण एका दिवसात कसे थांबते हे तिच्यातून कळते. टाळेबंदी, विमानाच्या इंधनाची टंचाई, शिक्षकांची टंचाई, कारणे अनेक असू शकतात. यावर आपल्या करार कायद्याचे, म्हणजे १८७२ च्या कायद्याचे ६५ वे कलम पाहा. करार निरर्थक ठरला तर ज्याला त्याखाली लाभ मिळाला त्याने तो परत करायचा आहे. कलमाखाली गायकाचे उदाहरण आहे. त्याने जलशासाठी हजार रुपये आगाऊ घेतले आणि तो इतका आजारी पडला की गाणे अशक्य झाले. जलसा झाला असता तर मिळाला असता तो नफा भरून देण्याची जबाबदारी त्याच्यावर नाही. आगाऊ घेतलेले हजार रुपये मात्र त्याने परत करायचे. आजार हा त्याचा दोष नव्हता, पण हजार रुपयेही त्याचे नव्हते. याज्ञवल्क्याने राजा, दैव आणि चोर यांची सूट दिली ती ठेव आहे तशी राखणाऱ्याला. विमान कोसळले म्हणून बँकेतल्या मुदत ठेवीला आग लागत नाही. सरकारी आदेश धावपट्टीवर लागू होतो, खात्यावर नव्हे. पैसे शिल्लक नाहीत याचे कारण दैव असूच शकत नाही.

तिसरा आक्षेप भांडवलाचा. विमान महाग, सुटे भाग परदेशी, विमा महाग. मुलांचे पैसे हाती आल्याशिवाय संस्था उभीच राहणार नाही. असे असेल तर ते उघड सांगावे, कारण मग ही मुले विद्यार्थी राहत नाहीत, भांडवल पुरवणारी माणसे होतात. भांडवल पुरवणाऱ्याला नफ्यात वाटा मिळतो किंवा व्याज मिळते, तारण मिळते, हिशेब पाहायचा हक्क मिळतो. यांतले काहीच न देता त्याच्याच डोक्यावर सगळी जोखीम ठेवणे हा धंद्याचा नाइलाज म्हणून खपवता येणार नाही. दुसरी वाटही माहीत नाही असे नाही. इस्लामिक अकॅडमी ऑफ एज्युकेशन विरुद्ध कर्नाटक सरकार या २००३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने व्यावसायिक महाविद्यालयांना सांगितले होते की पूर्ण अभ्यासक्रमाचे शुल्क आगाऊ घेतले असेल, तर त्या सत्राचे किंवा वर्षाचे तेवढेच वापरावे आणि उरलेले राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावे. विद्यार्थी मध्येच सोडील अशी भीती असेल तर त्याच्याकडून बंधपत्र किंवा बँकेची हमी घ्यावी. इतका सरळ मार्ग उड्डाण शिक्षणाला का लागू नये? इथे तर सत्रापेक्षा नेमके माप आहे. वैमानिकाच्या लॉगबुकात प्रत्येक उड्डाणाची ओळ असते: तारीख, विमानाचा प्रकार, व्हीटीने सुरू होणारे नोंदणी-चिन्ह, कुठून कुठे, किती तास किती मिनिटे, शिक्षकाबरोबर की एकट्याने, आणि त्याखाली तपासणाऱ्याची सही. कोणत्याही शाळेत, महाविद्यालयात शिकवलेल्याचा इतका काटेकोर हिशेब लिहिला जात नाही. जेवढी ओळ भरली तेवढेच पैसे काढायचे, असा नियम केला तर संस्था बुडाली तरी मुलगा बुडणार नाही.

शुल्काला ऋण म्हणायचे की ठेव, याने काय बदलते, हे दिवाळखोरीच्या वेळी दिसते. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली कंपनी मोडीत निघाली की आगाऊ पैसे भरलेला विद्यार्थी विनातारण धनको ठरतो आणि बँका, कामगार, कर्मचारी यांच्या मागे रांगेत उभा राहतो. त्याच्यापर्यंत रांग पोचेतो वाटायला फारसे काही उरत नाही. पण त्याच संहितेच्या ३६ व्या कलमात म्हटले आहे की कंपनीकडे दुसऱ्याच्या वतीने विश्वस्त म्हणून असलेली मालमत्ता या वाटपात येतच नाही. म्हणजे ठेव आणि ऋण यांतला जुना भेद नव्या कायद्यातही जागा आहे. शुल्क वेगळ्या विश्वस्त खात्यात असेल तर ते रांगेबाहेर राहते, संस्थेच्या चालू खात्यात मिसळले की रांगेत जाते. महासंचालनालय विमानाच्या इंजिनाचे तास मोजते, शिक्षकाच्या कामाचे तास मोजते. मुलांच्या न उडालेल्या तासांचा पैसा कुठे आहे, हे मोजण्याची सक्तीही त्याने करावी. संस्थेला मान्यता देताना आणि तिचे नूतनीकरण करताना हे विचारणे काही अवघड नाही.

राहिला तो आक्षेप श्रद्धाळू घरातला, आणि तो मला सर्वांत अधिक अस्वस्थ करतो, कारण तो संस्थेकडून येत नाही, घरातल्याच वडीलधाऱ्यांकडून येतो. नशिबात नव्हते, गेले ते गेले, पैशाच्या मागे लागून मन खराब करून घेऊ नकोस. त्यागाचे हे शब्द थोर आहेत, पण ते चुकीच्या जागी वापरले जातात. तुकोबांनी सावकारीची खते इंद्रायणीत बुडवली ही कथा आपण सगळे सांगतो. त्यातला एक बारकावा मात्र सुटून जातो. परंपरा सांगते की खते बुडवण्याआधी त्यांनी धाकट्या भावाचा, कान्होबाचा अर्धा हिस्सा वेगळा काढून त्याच्या हाती दिला आणि आपल्या वाट्याचीच बुडवली. ज्याचे आहे त्यानेच सोडायचे असते, दुसऱ्याचे सोडण्याचा हक्क संतालाही नाही. शुल्कात आईचे दागिने असतात, भावाच्या वाटणीची जमीन असते, बँकेचे म्हणजे पर्यायाने इतर ठेवीदारांचे पैसे असतात. ते सगळे आपले समजून 'गेले ते गेले' म्हणणे हा त्याग होत नाही. आणि आपण मागणे सोडले तर ठेव गिळणाऱ्याचे असत्य तसेच राहते, पुढच्या वर्षी पुढच्या मुलांपुढे तीच पावती फाडली जाते. प्रारब्ध मानणाऱ्यानेही कर्म नाकारलेले नाही, आणि मागणे हेही कर्मच आहे.

किती मागावे, याचाही न्याय हवा. जेवढे तास उडून झाले त्यांचे पैसे संस्थेचे, ते मागू नयेत. न उडालेल्या तासांचे पूर्ण मागावेत, मागितल्या दिवसापासून व्याजासह. याशिवाय अपुऱ्या शिक्षणाचे एक वेगळे नुकसान आहे. अर्धे विणलेले धोतर नेसता येत नाही, तसे नव्वद तासांनी परवाना मिळत नाही. या तासांनाही मुदत असते, दुसरी संस्था पुन्हा तपासणी आणि सराव करून घेते आणि त्याचे पैसे वेगळे लावते. ती भरपाई मागणे लोभाचे नाही. पण ती मागताना तिला नुकसानभरपाई म्हणावे. न उडालेल्या तासांच्या पैशाला मात्र भरपाई म्हणू नये, मदत म्हणू नये, सवलत तर मुळीच म्हणू नये. ते आपलेच परत येणे आहे.

म्हणून ज्यांच्या मुलांचे प्रशिक्षण थांबले आहे त्यांना एक विनंती. तोंडी आश्वासनांवर महिने घालवू नका. याज्ञवल्क्याचा नियम असा की मागितल्यावर न दिलेल्या ठेवीची जोखीम ठेवून घेणाऱ्यावर जाते. आजचे न्यायालयही पहिला प्रश्न तोच विचारते, लेखी मागणी केव्हा केलीत? पावत्या, लॉगबुकाच्या प्रती, बँकेचा उतारा आणि संस्थेचे नियमपत्र जोडून नोंदणीकृत टपालाने परतावा मागा. शिक्षणसंस्था ग्राहक कायद्याखाली येतात का, असा वाद उभा केला जाऊ शकतो. राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या जानेवारी २०२० च्या मनू सोळंकी निकालात शिक्षणसंस्थांना बाहेर ठेवले आहे, शिकवणी वर्गांना नाही. या वादाची तयारी वकिलाकडून करून घ्या, पण त्याला भिऊन थांबू नका. २०१९ च्या कायद्याने तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाखल करता येते. संस्था कुठेही असली तरी भूमच्या माणसाला धाराशिवच्या जिल्हा आयोगापुढे जाता येते. भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर ते प्रकरण तिथेच चालते. मुदत दोन वर्षांची आहे, आणि वीस ते पन्नास लाखांपर्यंतच्या तक्रारीचे शुल्क एक हजार रुपये आहे.